मोठ्या सिस्टर

सांगलीला आमच्याबरोबर नर्सिंग शिकलेली कुठलीही मुलगी आजही बाजारात वांगं हातात घेतलं की आधी त्याची साल दोन बोटांनी ताणून बघते, आणि या खोडीला जगात एकच बाई जबाबदार आहे. ती म्हणजे आमच्या पुरुष वॉर्डच्या मोठ्या सिस्टर. इंजेक्शनचा सराव कॉलेजात रबरी हातावर होत असे, पण सिस्टर त्या रबराला माणसांत धरत नसत. "त्येला दुखत न्हाई, मग तुमाला भ्या कसं वाटणार?" असं म्हणून त्या औंधहून, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावाहून, पिशवीभर वांगी आणायच्या आणि दुपारी वॉर्ड जरा शांत झाला की आम्हा पहिल्या वर्षाच्या मुलींना त्या वांग्यांना साध्या पाण्याची इंजेक्शनं द्यायला लावायच्या. सुई वाकडी गेली की वांग्याच्या वतीनं स्वतःच "आई गं!" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी डब्यातून भरली वांगी यायची. "खावा. कालचेच पेशंट हायत." पहिल्या वेळी आम्ही तोंडं फिरवली. महिन्याभरात डबा बोटांनी पुसून खाऊ लागलो.

अंगानं काटकुळ्या, चाल मात्र अशी की वॉर्डातले पडदे हलायचे. आम्हा मुलींना त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही, गावानं मारली. मी लोणंदची म्हणून 'लोणंद', माझी मैत्रीण 'मेढा'. "लोणंद, मेढ्याला घिऊन ये आन दोघी मिळून चादरी बदला," हे ऐकून नवे डॉक्टर बुचकळ्यात पडत. पेशंटच्या बाबतीत मात्र उलटा कायदा होता. 'नऊ नंबर', 'दहा नंबर' असं म्हटलेलं त्यांना खपत नसे. "खाटंला औषध देतीस का माणसाला? नाव इचार." पेशंट बेशुद्ध असला तरी त्या आधी त्याला नाव विचारायच्या, क्षणभर वाट बघायच्या आणि मगच केसपेपर उघडायच्या. सलाईन लावताना शीर सापडली नाही तर त्या पेशंटशी न बोलता शिरेशीच बोलायच्या, "ये गं बाई, वर ये, लाजू नको." आणि खरं सांगते, ती यायची. एकदा एका खाटेभोवती आठ नातेवाईक जमले होते आणि त्यातला एक जण पुण्याच्या पाहुण्यांना व्हिडिओ कॉलवर पेशंट दाखवत होता. सिस्टरांनी शांतपणे फोन हातात घेतला. "पावनं, पेशंट झ्याक हाय. पर हितं जमल्यात त्या आठांना तुमीच घरी बोलवा. माझं ऐकत न्हाईत." पाचच मिनिटांत खाटेपाशी एकटी बायको उरली.

या सगळ्याची आम्ही हॉस्टेलवर नक्कल करायचो. मी तर हुबेहूब करायचे. आधी नाव विचारायच्या त्यांच्या कायद्यालाही आम्ही हसत होतो, मी जरा जास्तच.

एका सकाळी राउंडची घाई चालली होती. नऊ नंबरच्या आजोबांना नाश्त्याआधी इन्सुलिन द्यायचं होतं. दहा नंबरचे काका हर्नियाच्या ऑपरेशनसाठी उपाशी होते. मी नऊ नंबरपाशी गेले, तोंडाकडं न बघताच दंड पुसला, इंजेक्शन दिलं आणि पुढं निघाले. नाव विचारलं नाही. तेवढ्यात दहा नंबरवरून हाक आली, "पोरी, माजी सुई ऱ्हायली की गं." आजोबा तिथं बसले होते. पंख्याचा वारा नीट लागत नाही म्हणून दोघांनी पहाटे आपसात खाटा बदलल्या होत्या.

मी कपड्यांच्या कपाटामागं जाऊन उभी राहिले. उपाशी माणसाच्या अंगात इन्सुलिन गेलं होतं. काय होऊ शकतं ते मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. आणि तरीही, हे सांगायला आजही जड जातं, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की कुणी पाहिलेलं नाही. किती वेळ गेला ते कळलं नाही, मिनिटभर असेल. सिस्टर चादर काढायला आल्या आणि माझ्या तोंडाकडं बघूनच थांबल्या.

"कुनाला काय दिलंस?"

मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. पडदे हलवत गेल्या. बोटातून साखर तपासली, डॉक्टरांना बोलावलं, शिरेतून ग्लुकोज सुरू झालं. तरीही अर्ध्या तासात काकांना दरदरून घाम फुटला आणि हात कापू लागले. थोड्या वेळानं ते सावरले, तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, "आता जा. त्येंच्या मालकिणीला सांग."

"मी?"

"मग कोन? त्या वांग्यानं सांगायचं?"

मी सांगितलं. त्यांची बायको माझ्याकडं बघत राहिली. "आन काय झालं असतं तर गं?" सिस्टर माझ्या मागं उभ्या होत्या, पण माझ्या वतीनं एक शब्द बोलल्या नाहीत. काकाच अंथरुणातून पुटपुटले, "आवं, खाटा आमीच बदलल्या की." तेव्हा मात्र सिस्टर बोलल्या, "खाटा बदलल्या तर बदलल्या. नाव इचारायचं काम आमचं व्हतं."

मला दिवसभर त्या खाटेपाशी बसवलं, तासातासाला साखर तपासायला. संध्याकाळी काकांनी चहा मागितला आणि त्यांच्या बायकोनं अर्धा कप माझ्याही हातात दिला. पुढं चौकशी झाली. माझं शिक्षण थांबवण्याची भाषा निघाली. सिस्टरांनी लिहून दिलं की शिकाऊ मुलीच्या शेजारी त्यांनी स्वतः उभं असायला हवं होतं, त्या नव्हत्या. ते खरंच होतं, पण ते लिहायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना पहिल्यांदा लेखी समज मिळाली. मला त्या एवढंच म्हणाल्या, "रडायचं आसंल तर जेवल्यावर रड. उपाशी पोटी चक्कर येती."

मी आता साताऱ्याला नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात औंधला गेले होते. सिस्टर निवृत्त होऊन तिथंच राहतात. दारात हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती. पांढऱ्या कपड्यांशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून आधी ओळखलंच नाही. चहा झाला, गप्पा झाल्या. गुडघे दुखतात, भाच्याची सून चांगली आहे, वेळ जात नाही. मग उगाच लुगड्याचा काठ सारखा करत म्हणाल्या, "हितं समदे मावशी म्हनत्यात, आक्का म्हनत्यात. लय मानत्यात. पर दिवसभरात 'सिस्टर' म्हनून एक हाक येत न्हाई बघ. कवा कवा दुपारी भास हुतो, आन उठून बसती."

मला सोडायला त्या स्टँडपर्यंत आल्या. एसटी निघाली, त्या पाठ फिरवून हळूहळू चालू लागल्या. मी खिडकीतून जोरात ओरडले, "सिस्टर!"

त्या गर्रकन वळल्या. गुडघे विसरून चार पावलं गाडीमागं आल्या.

"काय गं? काय झालं?"

काहीच झालं नव्हतं. गाडी वळणावर जाईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, मान पुढं काढून, मी काय सांगते ते ऐकायला.