सरांनी न वाचलेली चिठ्ठी

"लांब आहे." सातशे पानांची कादंबरी वाचून माणसाला एवढंच म्हणायचं असेल, तर त्यानं वाचूच नये असं माझं मत आहे. आमच्या वाचकमंडळात त्या रविवारी बारापैकी सात चिठ्ठ्यांवर तेच निघालं. लांब आहे. फारच लांब आहे. मधली शंभर पानं काढली असती तरी चाललं असतं. एकानं लिहिलं होतं, 'चोर कोण ते मला दोनशेव्या पानावर कळलं, मग लेखकाला कधी कळतं याची पाचशे पानं वाट पाहिली.' यावर सगळे खो खो हसले. एरवी मीही हसले असते. पण तोवर माझं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं.

आधी मंडळाची रीत सांगते. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही बारा जण अमरावतीत जमतो. बहुतेक सगळे निवृत्त: मास्तर, वकील, एक डॉक्टरीणबाई. मी अकोल्याहून एसटीनं जाते. शाळेत इतिहास शिकवायचे, आता घरीच असते. पूर्वी आम्ही मतं तोंडीच मांडत होतो. मग एका पुस्तकावरून दोन वकिलांचं असं वाजलं, की वर्षभर ते एकमेकांकडे पाहीनात. तेव्हापासून चहा झाला की प्रत्येकानं आपला अभिप्राय चिठ्ठीवर लिहायचा, खाली नाव घालायचं नाही, चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची, आणि सरांनी एकेक काढून मोठ्यानं वाचायची. सर म्हणजे आमचे अध्यक्ष. कॉलेजात मला त्यांनीच शिकवलं आणि त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. अक्षरावरून कोणाची चिठ्ठी ते सगळ्यांना कळतं, पण कळलं असं दाखवायचं नाही.

कादंबरी रहस्यकथा होती. देवळांतून, संस्थानिकांच्या घरांतून लुटून नेलेल्या मूर्ती आणि चित्रं, आणि त्यांच्या मागावर असलेला एक निवृत्त कस्टम अधिकारी. ज्या शंभर पानांना सगळे कंटाळले, त्यांत प्रत्येक वस्तूची हकीकत होती: कोणत्या गावातून गेली, तिथं रोज दिवा कोण लावायचं, आता त्या रिकाम्या जागी लोक काय ठेवतात. मी ती पानं दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा रडले. शेवटी चोरीचा माल जमवणारा तो धनाढ्य माणूस सापडतो आणि म्हणतो, 'मी नेल्या नसत्या तर यांनी त्या फोडून पायरीला लावल्या असत्या. मी चोर नाही, राखणदार आहे.' या माणसावर मात्र मंडळाचं एकमत होतं. चहा पितानाच एक वकीलसाहेब म्हणाले, "असा माणूस माह्या हाती लागला ना, तर त्याले जामीन मिळू देणार नाई मी." सरांनीही मान डोलावली.

एरवी आम्ही वाचनालयाच्या सभागृहात बसतो. तिथं दुरुस्ती निघाली होती, म्हणून या खेपेला सरांच्या नव्या घरी जमलो. मी तिथं पहिल्यांदाच गेले. दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्यात वरून पिवळा दिवा सोडलेला, आणि त्या उजेडात काळ्या दगडाची हातभर उंचीची देवी. उजवा हात कोपरापासून तुटलेला. डाव्या डोळ्याच्या खाचेत मेण आणि शेंदूर अजून अडकून होता. मी चहाचा कप तसाच ठेवून कपाटापाशी गेले.

ती आमच्या गावची देवी. दर्यापूरच्या पलीकडे आमचं गाव आहे. देवीवर पिढ्यानपिढ्यांचा शेंदूर इतका जाड बसला होता, की खाली कोरीव मूर्ती आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. चांदीचे डोळे मेणानं चिकटवायचं काम माझ्या आत्याकडे असायचं. नऊ वर्षांपूर्वी गावानं देऊळ नवं बांधलं, फरशी बसवली, संगमरवरी देवी आणली. जुनी देवी सब्बलीनं उचकटताना शेंदराचं कवच गळून पडलं आणि हातही तुटला. खंडित मूर्ती देवळात ठेवत नाहीत, तिला वाहत्या पाण्यात निरोप देतात. पण चैत्राचे दिवस होते, आमच्याजवळ पूर्णेत गुडघाभरही पाणी नव्हतं. नेमकं तेव्हाच मी सरांना शेंदराखाली निघालेलं कोरीवकाम दाखवायला गावी नेलं होतं. सर म्हणाले, "माझी गाडी आहे. खालच्या अंगाला मोठा डोह आहे, मी तिथं सोडतो." शिकलेला माणूस, पोरीचा मास्तर. गावानं हात जोडले. आत्यानं देवीची ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं आणि स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून ती गाडीत ठेवली. दोन दिवसांनी सरांचा मला फोन आला: "झालं विसर्जन, व्यवस्थित झालं." ते मीच आत्याला सांगितलं. तेव्हापासून दर चैत्रात ती जीप बदलून त्या डोहावर जाते आणि पाण्यात ओटी सोडते. आता तिची ऐंशी उलटली आहे.

हे सगळं माझ्या डोक्यात फिरत असताना चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मी लिहिलं: 'तुमच्या कपाटातली देवी आमच्या गावची आहे. ती डोहात सोडली असं तुम्ही मला सांगितलं होतं. माझ्या आत्याला ती परत द्या.' घडी घालून डब्यात टाकली. सगळ्यांसमोर त्यांना ते मोठ्यानं वाचावं लागेल, एवढाच माझा हिशोब होता.

सर एकेक वाचत गेले. माझी घडी उघडली, चष्मा सारखा केला, थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि त्याच खणखणीत आवाजात वाचलं, "'कादंबरी चांगली आहे, पण जरा लांबली.'" मग बाकीच्या चिठ्ठ्या टेबलावर होत्या तिथं ही न ठेवता सदऱ्याच्या खिशात घातली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनी नऊ वर्षं एक खोटं पचवलं, आणि दुसरं माझ्या देखत माझ्याच अक्षरावर! मी उभी राहिले. "सर, हे मी लिहिलेलं नाही. खिशातली चिठ्ठी काढा आणि आहे तशी वाचा."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ताई, आपली कोणती ते सांगायचं नसतं." मला त्याही प्रसंगात हसू फुटलं असतं. सरांनी खिशाला हात लावला नाही, म्हणून मीच सगळं सांगितलं. देऊळ, डोह, लुगडं, दर चैत्रातली ओटी. आवाज चढत होता आणि मी तो चढू दिला.

सर जराही गडबडले नाहीत. वर्गात चुकलेल्या मुलीशी बोलावं तसं म्हणाले, "बस आधी. हजारेक वर्षांची मूर्ती आहे ती. तुझे गाववाले ती चिखलात टाकणार होते. मी नेली म्हणून आज आहे. तू इतिहासाची बाई, तुला हे मी सांगायचं?"

"मग तेव्हाच तसं सांगायचं होतं! मागून घ्यायची होती!"

"दिली असती त्यांनी?"

मी मंडळाकडे पाहिलं. तासाभरापूर्वी यांनीच त्या पुस्तकातल्या माणसाला शिव्या घातल्या होत्या. वकीलसाहेब घसा साफ करून म्हणाले, "तसं पाहाल तर सरांच्या म्हणण्यात तथ्य आहे." कोणी म्हणालं, "जपली तर छानच आहे." डॉक्टरीणबाई कपाटातल्या दिव्याकडे पाहत होत्या. मी टेबलावरची कादंबरी उचलली, शेवटचं प्रकरण उघडलं आणि राखणदाराचं ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. "हेच बोलले ना सर आत्ता? शब्द तरी वेगळे आहेत का?"

"अवो मॅडम, ते कादंबरी आहे," वकीलसाहेब म्हणाले. एकानं बशी उचलून आत नेऊन ठेवली.

मग सर म्हणाले, "ने. खरंच ने. उद्या म्हणशील तर उद्या गाडीत घालून पाठवतो. फक्त तुझी आत्या तिचं काय करणार, ते आधी विचारून ये." मला वाटलं मी जिंकले. परतीच्या एसटीत मी एकेकाच्या तोंडावर मारायची उत्तरं जुळवत बसले आणि अकोला कधी आलं ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दर्यापूरची बस धरली, पुढं जीपनं गावात पोचले. आत्या ओसरीत हरभरा पाखडत होती. तिच्याकडचा, गावच्या खारट पाण्याचा चहा झाला आणि मी सगळं सांगून टाकलं. सरांनी काय केलं, मंडळ काय म्हणालं, मी कशी उभी राहिले. ती पाखडत राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"मंग मी नऊ सालं कोणाची ओटी भरून राहिली व्हती?" तिनं विचारलं.

निरोप माझ्याच तोंडून गेला होता.

"देतो म्हनते ना तो? मंग आन तिले," आत्या म्हणाली. "डोहात पानी हायच. मी सोता सोडतो. निरोप देल्ला व्हता आमी तिले, तिले मधातच अडकवून ठेवलं त्यानं. काचीत उभी करून. घरी जाऊ देल्लं नाही."

आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं आत्या, पाण्यात कशाला? हजार वर्षांची मूर्ती आहे ती. गाळात गेली की संपलंच ना. माझ्याकडे राहू दे अकोल्याला. चांगलं कपाट करून घेते, तू वाटेल तेव्हा ये, ओटी भर..."

सूप तिच्या हातात थांबलं होतं. एवढ्या वर्षांत आत्या माझ्यावर कधी रागावलेली मला आठवत नाही, आणि तेव्हाही ती ओरडली नाही. परक्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं तिनं माझ्याकडे.

"असं हाय का," ती म्हणाली. "मले वाटलं, तू माह्याकडून भांडून आली."