एक तरी मॅच जिंका!

हरणाऱ्या टीमचं एक बरं असतं. जिंकणाऱ्यांकडे कप साठतात, आमच्याकडे किस्से! सौदीतल्या अबकैकमध्ये आमच्या तेल कंपनीची बेसबॉल टीम अमेरिकन लोकांनी सुरू केली, ते गेल्यावर ती आमच्या गळ्यात पडली. आमची पोरं कोकणातली, खेळत आली क्रिकेट. त्या वर्षी मॅनेजरनं बजावलं, "सीझनमध्ये एक तरी मॅच जिंका. नाहीतर टीम बंद आणि ग्राउंडवर पार्किंग!"

माझी पीएचडी संख्याशास्त्रातली. पण ही टीम जिंकण्याची शक्यता काढायला मला कधी धीर झाला नाही.

*

पहिल्याच मॅचला आमच्या एका गड्यानं सोपा कॅच घेण्याआधी हातातला ग्लोव्ह काढून फेकला. तोवर चेंडू पडला!

"ग्लोव्ह का काढलास?" मी ओरडलो.

"साहेब, मोजा घालून कॅच घेतला तर गावात काय तोंड दाखवू?"

*

सौदीकरण जोरात होतं, म्हणजे परदेशी माणूस काढून त्याच्या जागी सौदी माणूस. आमचा पिचर चांगला चेंडू टाकायला लागला आणि त्याच आठवड्यात त्याला फायनल एक्झिट मिळाली, म्हणजे कायमचं घरी. मी मॅनेजरला नम्र पत्र लिहिलं, चार वेळा खाडाखोड करून: "सौदीकरण अवश्य करावे, परंतु शक्य असल्यास सीझननंतर."

उत्तर आलं: "तुमचं वय काय?"

त्यानंतर मी पत्रं लिहिली नाहीत.

*

कॅप्टन दाऊदभाई रत्नागिरीचे, वेल्डिंग सुपरवायझर. त्यांच्या जागेसाठी फैसल नावाचा सौदी तरुण आला. दाऊदभाईंनीच त्याला काम शिकवायचं आणि मग घरी जायचं! फैसल अमेरिकेत शिकलेला, बेसबॉल उत्तम खेळायचा. दाऊदभाईंनी त्यालाच टीममध्ये घेतलं.

महिन्याभरानं मी विचारलं, "काय फैसल, शिकलास का सगळं?"

"उस्तादांचं काम समजलं," तो म्हणाला. "त्यांची टीम काय खेळते, ते अजून समजलं नाही."

*

ओळीनं सात मॅच हरल्यावर मला वाटायला लागलं, आपण बघायला जातो म्हणूनच हरतात. एवढा शिकलेला माणूस, पण आठव्या मॅचला घरी बसलो. बायकोनं तीनदा विचारलं, "बरं नाही का?"

संध्याकाळी दाऊदभाईंचा फोन. "डॉक्टरसाहेब, खूशखबर! तुम्ही नव्हतात तरी हरलो. पुढच्या वेळेपासून बिनधास्त या!"

*

नवव्या मॅचला धुळीचं वादळ आलं. समोरची टीम आलीच नाही. अंपायर म्हणाला, आणखी दहा मिनिटं वाट बघू, मग मॅच तुमची. फुकटचा विजय! मी मनातल्या मनात पार्किंग रद्द करून टाकलं.

एवढ्यात दाऊदभाई फोनवर बोलताना ऐकू आले, "अहो, आहात कुठे? गेटवर अडवलंय? थांबा, मी येतो घ्यायला. चहा ठेवलाय तुमच्यासाठी."

ते आले, चहा प्यायले आणि अकरा रनांनी जिंकले.

"दाऊदभाई, हे काय केलंत?"

"मग काय, पाहुण्यांना परत पाठवू?"

*

शेवटची मॅच. ही गेली की ग्राउंड गेलं. मॅनेजर स्वतः आला होता, बरोबर जागा मोजायची टेप घेतलेला एक माणूस. आम्ही एका रननं मागे, आमचा शेवटचा गडी बाकी. फैसल दुसऱ्या बेसवर आणि बॅटिंगला दाऊदभाई. मी डोळे मिटून घेतले.

ठाक्!

डोळे उघडले तर चेंडू कुंपणावरून पार रस्त्यापलीकडे! सबंध सीझनमध्ये कुणी असा फटका मारला नव्हता. फैसल धावत होम बेसवर, म्हणजे घरी पोचला, बरोबरी झाली. दाऊदभाई घरी आले की मॅच आमची!

दाऊदभाई जागचे हलले नव्हते. बॅट उंचावून ते चारी बाजूंना सलाम करत होते.

"यल्ला, उस्ताद, यल्ला!" फैसल किंचाळला.

"दाऊदभाई, पळा!" मी खुर्चीवर उभा राहिलो. "चारही बेसना पाय लावल्याशिवाय रन धरत नाहीत! इथून हललाच नाहीत तर फैसलचीसुद्धा जाईल!"

दाऊदभाईंनी बॅट काखेत धरली, शांतपणे ग्लोव्हज काढले आणि माझ्याकडे बघून हसले.

"डॉक्टरसाहेब, एवढे शिकलात, पण खेळातलं तुम्हाला कळत नाही. अहो, सिक्सर गेलाय! आता पळायचं कशाला?"

आणि ते अंपायरशी हात मिळवायला गेले.