खेळातला उखर्डू

शिरपूरजवळच्या खेड्यातल्या उखर्डू नानांना स्वतःच्या नावाची जन्मभर लाज वाटली. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्यांना जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणलं आणि नाव पडलं उखर्डू. अशा टाकाऊ नावाच्या पोराकडे मरण ढुंकूनही पाहत नाही म्हणतात. नाना जगले खरे; पण शाळेत पोरं त्यांना पाहून नाक धरायची, आणि लग्नात उखाणा घेताना खुद्द नवरीच, तानुबाई, खुदकन हसली होती.

मुलगा सुकदेवची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरी मुलगी झाली तेव्हा तानुबाईंनी हिला तरी उकिरडा दाखवू या म्हटलं. नाना बिथरले. माझ्या घरात पुन्हा तसलं नाव नको, असं ठणकावून त्यांनी पोरीचं नाव हेमांगी ठेवलं. गावात एवढं देखणं नाव दुसरं नव्हतं. नाना उगाचच तिला हाका मारत राहायचे.

नव्व्याण्णव साली, हेमांगी दुसरीत असताना, तिचा मामा वना सुरतेहून एक जपानी खेळ घेऊन आला. तळहाताएवढं यंत्र. त्यात गवतातून चालायचं, अंगावर येणारे चित्रविचित्र प्राणी झुंजवून दमवायचे, मग चेंडू फेकून पकडायचे आणि पाळायचे. जिंकत गेले की त्यांचं रूप पालटे, कुणाला शिंगं फुटत, कुणाला पंख. हेमांगी ओसरीवर नानांना चिकटून खेळे आणि नाना रेड्यांची टक्कर पाहावी तसे रंगून जात. पहिल्या प्राण्याला नाव द्यायचं होतं. मामाकडून इंग्रजी अक्षरं विचारून तिनं नाव दिलं, उखर्डू. नाना रागवायला गेले आणि हसत सुटले.

झुंजीत तो उखर्डू पहिल्यांदा आडवा झाला तेव्हा मात्र नानांचा चेहरा उतरला. पोरीनंच त्यांची समजूत घातली.

"नाना, आठे कोनी मरत नही. दवाखानामा लई गयं का बठ्ठा उठी बसतस."

आणि सगळे खरंच उठून बसत. खेळातल्या दवाखान्यात एक बाई प्राणी ठेवून घेई, छोटीशी धून वाजे, आणि ती प्राणी बरा करून परत देई. ती इंग्रजीत काय म्हणते, तेही हेमांगीनं मामाला विचारून नानांना सांगून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर तिला कावीळ झाली. धुळ्याला नेताना तिनं खेळ उशाशी घेतला. नाना खाटेशी बसून होते. दवाखान्यात आणलंय, आता पोर परत मिळेल, असं त्यांनी मनोमन धरूनच ठेवलं होतं. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, पण पोर गेली.

आपणच सोन्यासारखं नाव देऊन तिला मरणाच्या नजरेत आणली, हे नानांच्या मनातून जाईना. तानुबाई त्यावर एका शब्दानंही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नाना ओसरीवर एकटेच खेळ लावून बसत, उखर्डूला मुद्दाम झुंजीत हरू देत आणि खेळातल्या दवाखान्यात नेत.

एका दुपारी तानुबाई शेजारी येऊन टेकल्या. खेळातली ती बाई काय सांगते, म्हणून त्यांनी विचारलं. नाना धून संपेपर्यंत थांबले.

"म्हनस, उखर्डू बरा व्हई गया."