गडव्याची सावली

साकोलीहून भावाचा फोन आला तेव्हा मी नागपुरात मेथी निवडत बसले होते. "ताई, आई गेली वो..." एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेली?" निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आई घरी कधी सापडायची नाही, शेजारच्या कुणाच्या तरी पोरांत रमलेली असायची. पलीकडून रडणं ऐकू आलं तेव्हा कुठे मला उमगलं. त्याला आता काही आठवडे झाले.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा आई एकोडीच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर होती आणि मी तिच्याच वर्गात. म्हणजे घरी आई आणि शाळेत बाई. चुकून 'आई' म्हटलं की सगळा वर्ग खिदळायचा, आणि ही लबाड बाईही त्यांच्यात सामील व्हायची. अक्षरांआधी ती पोरांना रोजच्या वापरातल्या वस्तूंची बाह्यरेषा काढायला शिकवायची. "ज्याले गडव्याचं पोट काढता आलं, त्याले 'ब' कायले अवघड जाईन?" असा तिचा सवाल असे. गडवा म्हणजे आमच्याकडचा तांब्या. वस्तू जमिनीवर ठेवायची आणि तिच्याभोवती खडू फिरवायचा, अशी तिची सुरुवातीची रीत. वस्तू आमच्याच घरातून पिशवीत भरून जायच्या, त्यामुळे बाबांना सकाळी कुलूप सापडत नसे आणि चहाला बशी. कुलूप, विळा, कंगवा छान उतरले. गडव्याने मात्र घात केला. त्याच्याभोवती खडू फिरवला की निघायचा नुसता गोल. वाटीचाही गोल, डब्याचाही गोल. हेडमास्तर डोकावून म्हणाले, "बाई, पापडाचा कारखाना काढला काय जी?"

मग आईने सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या घरची एक वस्तू आणायची, आपल्या हातातलं भांडं पोराला चांगलं ओळखू येतं. दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी वाट्या, गिलास आणले. शेतकऱ्यांच्या आळीतून विळा आला, दोरी आली, एक फाटकी चप्पलसुद्धा आली... भांडं एकही नाही. आम्ही बौद्ध. घरोघरच्या भांड्यांना आता आईचा आणि आम्हा पोरांचा हात लागणार होता. मला त्यातलं काही कळलं नाही. आईने मात्र त्या दिवशी विळा आणि दोरीवरच तास उरकला.

एक-दोन दिवसांनी त्याच आळीतली जनाबाई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिची रेखा गडव्यासाठी घरी रडून रडून बेजार झाली होती. पदराखालचा पितळी गडवा जनाबाईने हातातून सोडला नव्हता. "पोरगी आयकूनच नाई राह्यली जी, बाई. आनला त खरा... पन..." गडवा तसाच परत गेला असता तर त्या आळीतलं भांडं पुन्हा शाळेत आलं नसतं आणि आईचा तो तास तिथेच संपला असता. आई शांतपणे म्हणाली, "तुमीच ठेवा जी जनाबाई, तिथं उनात. मी हात नाई लावत." आपल्या आईने असं म्हणावं याचा मला आजही राग येतो. तिला आला असेल का, हे मी कधी विचारलं नाही.

जनाबाईने गडवा ओसरीच्या कडेला उन्हात ठेवला आणि सारवलेल्या जमिनीवर त्याची सावली पडली. काठ, मान, पोट, सगळं जिथल्या तिथे. "अरे, हा पाहा गडवा!" आई इतक्या जोरात ओरडली की शेजारचा वर्गही धावत आला. रेखा खडू घेऊन सावलीपाशी बसली. पण तिचा हात लहान आणि ऊन काही थांबणारं नव्हतं. पोटाकडून मानेपर्यंत रेघ येईतो सावली सरकली. मान वर न करताच ती ओरडली, "बाई, गडवा सरकवा न जी! सावली चालली!"

आईचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते. तिने जनाबाईकडे पाहिलं. जनाबाईचं लक्ष लेकीच्या अर्ध्या गडव्यावर. "सरकवा न जी बाई," ती म्हणाली, "पोरीचं चित्र अर्धं रायते न."

आईने गडवा उचलला आणि जरासा बाजूला ठेवला.

संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता ती बाबांना म्हणाली, "माही माय सांगे, आपली सावली पडली का लोक दूर सरकत. आन आज सावली धराले मलेच बलावलं." ती हसली आणि मग पदराने डोळे पुसत राहिली. त्यानंतर गाव बदललं वगैरे काही नाही, विहिरीवर जे होतं ते होतंच. पण शाळेच्या ओसरीवर सकाळच्या उन्हात भांड्यांची रांग लागायला लागली. ऐंशी सालानंतर आईची साकोलीला बदली झाली तेव्हा जनाबाई तोच गडवा घेऊन बसस्टँडवर आली. "घ्या जी बाई, चित्रातलाच हाय," म्हणाली आणि तिने तो सरळ आईच्या हातात दिला.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर परवा पुन्हा साकोलीला गेले. ओसरीच्या फरशीवर आईने शेजारच्या पोरांसाठी खडूने काढलेला गडवा अजून होता, जरा पुसटलेला. भाऊ म्हणाला, तिथं आम्ही झाडूच लावत नाही. मी आतून गडवा आणून उन्हात ठेवला. सावली आईच्या रेघेत बसेना, एवढ्या दिवसांत ऊन कलतं झालं होतं. मी गडवा थोडा सरकवला, अजून थोडा... आणि सावली बरोबर रेघेत बसली. काठ, मान, पोट. जरा वेळाने ती पुन्हा बाहेर निघाली. मी पुन्हा गडवा सरकवला.