बाबांचं कोपर

आमचे बाबा सापाला भीत नाहीत. वाशीमच्या आमच्या अंगणात निघाला, तर काठीवर उचलून नाल्यापलीकडे सोडून येतात. पण हाच माणूस बिब्ब्याचं नुसतं नाव काढलं तरी अंग खाजवायला लागतो. लहानपणी आसेगावात बिब्बा फोडताना तेल तोंडावर उडालं, बिब्बा उतला आणि चेहरा असा सुजला की शेजारच्यांना ओळखू येईना. तेव्हापासून वाटेत बिब्ब्याचं झाड दिसलं की बाबा मोटरसायकल जोरात काढतात, आणि घरी येऊन कोपर दाखवतात. कोपरावर खरंच लाल पुरळ असतं. सोंग नाही ते.

मुळात स्वभावच तसा. गोळीच्या खोक्यातला दुष्परिणामांचा कागद बाबा भिंग लावून वाचतात. आई त्याच कागदावर शेंगदाण्याची फोलपटं काढते. बीपीची गोळी दोघांना एकच. चक्कर फक्त बाबांना येते.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आणि मुलगी झाली. आईने डब्बाभर डिंकाचे लाडू केले. बाबांनी दारातूनच विचारलं, "गोडंबी घातली काय?"

"बाळंतिणीचे लाडू हायेत. घालनारच न!"

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतलं बी. नीट काढलेली गोडंबी आमच्याकडे सगळेच खातात, हे बाबांनाही ठाऊक. पण डब्याचं झाकण उघडण्याआधीच त्यांचं कोपर लाल झालं. त्यांनी आपली खाट व्हरांड्यात नेली.

इथवर मला हसू येत होतं. पण बाबा बाळाला घेईनात. ज्या नातीसाठी पाळणा स्वतः रंगवला, तिला ते दारात उभे राहून टाळ्या वाजवून दाखवत.

"बाबा, काहून घेत नाही तिले?"

"लाडू तू खाते. दूध ते पेते. मंग मले नाही उतनार काय?"

मला रडूच आलं. नाव ठेवायच्या दिवशी मुलीने आजोबांच्याच मांडीवर असावं, एवढी एक हौस होती माझी. मी लाडू सोडते म्हणाले, तर आईने डोळे वटारले. "तू खा. त्याइचं मी पायते," म्हणाली.

नाव ठेवायच्या दिवशी घर माणसांनी भरलं. बुद्धवंदना झाली आणि पोरीने भोकाड पसरलं. आत्याकडे गेली, मामाकडे गेली, माझ्याकडेही राहीना. आईने तिला उचललं आणि बाबा काही बोलायच्या आत त्यांच्या हातावर ठेवलं.

"धरा."

बाबा काठीसारखे ताठ बसले. पोरीने दोन हुंदके दिले, त्यांच्या सदऱ्याचं बटन मुठीत धरलं आणि झोपली. बाबांचे डोळे भरले. माझेही.

तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "अन् ऐका. लगन झाल्यापासून दर हिवाळ्यात तुमी गोडंबीचेच लाडू खाऊन राह्यले. बदाम म्हनून चारले म्या."

"काय म्हनते!"

सगळं घर हसलं. बाबा नाही हसले. मी पाहत होते, त्यांची नजर हळूच डाव्या कोपराकडे वळली. खाज सुटली होती, नक्की. पण त्या कोपरावर पोरीचं डोकं होतं. त्यांनी उजवा हात जरा हलवला. पोरीने झोपेतच कपाळाला आठी घातली. बाबांनी हात होता तिथे ठेवला.

माणसं जेवायला उठली. बाबा तसेच बसून, तिच्या नाकावर फुंकर घालत. बऱ्याच वेळाने मी जवळ जाऊन विचारलं, "बाबा, कोपर कसं हाय?"

"कोनतं कोपर?" ते कुजबुजले. "हळू बोल, उठन ते. अन् लाडू आन एक. तोंडातच दे, हात मोकळे नाहीत."