साडूंच्या टायरांतली हवा

माझ्या साडूंइतका गाडीवर जीव टाकणारा आणि गाडीत बसणाऱ्यांचा जीव घेणारा माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये सापडणार नाही. दर सोमवारी आधी महाकालाचं दर्शन आणि मग फ्रीगंजमध्ये टायरांत हवा, हा त्यांचा नेम. हवा तरी किती, तर टायर दगडासारखे टणक होईपर्यंत. टायर म्हणजे म्हणे गाडीची इज्जत! माधव नगरच्या साध्या गतिरोधकावर त्यांच्या जीपमध्ये माझं डोकं छताला आपटतं, आणि वर हेच विचारणार, "बघितलं साढूभाई, कशी टाइट आहे गाडी?" पार्किंगच्या भांडणात एका शेजाऱ्याने एकाच चाकाची हवा सोडली होती, तर त्याच्या मुलीच्या लग्नालाही हे गेले नाहीत.

अशा माणसाने मला हिमाचलात न्यावं आणि मी मुकाट्याने जावं, याचा संताप मला अजून येतो. निमित्त ताईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, माझ्या थोरल्या मेव्हणीचं. त्यांना एकदा बर्फाला हात लावायचा होता आणि गुडघे तर चार पावलं चालू देत नव्हते. म्हणून जीप थेट बर्फापर्यंत नेणारी एक कच्ची वाट साडूंनी हुडकून काढली. वाटेच्या तोंडाशी पाटी होती, सोपी वाट, नवशिक्यांसाठी. तिथेच साडूंचा पहिला अपमान झाला. दुसरा तिथून बरोबर घेतलेल्या वाटाड्याने केला. टायरांतली हवा कमी करा, पकड येईल आणि हादरेही कमी बसतील, असं तो बिचारा सांगत होता. साडू असे भडकले की जणू त्याने यांना अंगावरचे कपडे काढायला सांगितले होते. "हम उज्जैन से हवा भरवाके लाए हैं," असं सुनावून त्यांनी गाडी हाणली.

त्या सोप्या वाटेने माझी हाडं खिळखिळी केली. पुढे एका चढावर चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि जीप मागे घसरली. मी साडूंना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताई मात्र दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, राहू द्या. लांबून दिसला ना, तेवढा पुरे."

साडू उतरले. एकेका चाकापाशी उकिडवे बसून, तोंड दुसरीकडे करून, त्यांनी स्वतःच्या हाताने हवा सोडली. मग जीप निमूट तो चढ चढली. वर ताईंनी दारातूनच वाकून ओंजळभर बर्फ उचलला आणि किती तरी वेळ नुसत्या हसत राहिल्या.

ताईंना जाऊन आता वर्ष होत आलं. परवाच्या सोमवारी मी साडूंबरोबर फ्रीगंजला होतो. हवा भरणारा नवा होता, तो भरतच सुटला. साडूंनी त्याला थांबवलं.

"थोड़ी कम रखना, भैया," ते म्हणाले. "मैडम को झटके लगते हैं।"

मागची सीट रिकामी होती. परतताना तो माधव नगरचा गतिरोधक आला आणि गेला. डोकं छताला लागलं नाही, आणि मला साडूंचा रागही येईना.