तार कोणी घातली?

मास्तरांनी मला फसवलं. वकिलांनी नाही, त्यांच्या पोराने नाही. मास्तरांनी. हे आधीच सांगतो, कारण लोक सगळं शाळेला पैसा देणाऱ्या वकिलांवर ढकलून मोकळे होतात.

कर्जतला शाळांचं प्रदर्शन भरलं होतं आणि मी टेबलाखाली बसलो होतो. टेबलावरून जमिनीपर्यंत पांढरी चादर सोडलेली. आत मी, गुडघे छातीशी, हातात चाकाची मूठ. वर माझंच यंत्र, धरणीकंपात घरं कशी पडतात ते दाखवणारं. चादरीच्या खालून मला फक्त पाय दिसत होते. बूट, चपला, वकिलांच्या अरविंदचे पांढरे मोजे. मास्तरांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या की मी चाक फिरवायचं. एक मारली की थांबायचं. नंदीबैलाला तरी लोक बघतात. मला कोणी बघायचं नव्हतं.

मी पळसदरीच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतला. आमच्या वाडीतून शाळेत जाणारा मी एकटा. एकदा मास्तर डोंगर चढून आमच्या घरी आले, अंगणात बसले आणि बाला म्हणाले, "ह्याला शिकव. ह्याचं डोकं चालतं." बा त्या दिवशी जेवला नाही. नुसता हसत होता.

त्या साली उत्तरेकडे मोठा धरणीकंप झाला. मास्तरांनी वर्गात वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मी विचारलं, "मास्तर, आमची झोपडी पडंल का?"

अरविंद म्हणाला, "तुमची तर वाऱ्यानेच पडते रे!" वर्ग हसला.

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "करून बघ."

मी केलं. फळीखाली चार गोल बांबू टाकले, म्हणजे फळी सरकेल. फळीला दांडी जोडली, दांडी चाकाच्या कडेला. चाक फिरलं की फळी पुढे-मागे हिसके खाते. भाताच्या गिरणीतली चाळण अशीच हलते, ते मी बघून ठेवलं होतं. चाकही तिथलंच आणलं, भंगारात पडलेलं. गिरणीचा मिस्त्री म्हणाला, "दोन बाटल्या मध आण."

मी म्हटलं, "चाकाचे दोन दात मोडल्यात. एक बाटली."

"मोडकं चाक घेऊन काय करशील रं?"

"तुमी तरी ठेवून काय करनार?"

एका बाटलीत आणलं.

फळीवर दोन घरं बांधली. एक दगड-मातीचं, कौलं घातलेलं, गावातल्या मोठ्या घरांसारखं. दुसरं आमचं. भिंतींना कारवीच्या काड्यांचा कूड, वर शेण, सगळे सांधे पळसाच्या मुळीच्या दोरीने बांधलेले. आई बांधायची तशा गाठी. चाक फिरवलं. दगडी घर सरसर खाली आलं. आमचं डुललं, वाकलं, परत उभं राहिलं. कुडाला हलता येतं म्हणून तो पडत नाही. एवढंच शास्त्र. ते मला सापडलं होतं.

धावत जाऊन सांगितलं, "मास्तर, आमचं पडत नाय. तुमचं पडतं!"

मास्तरांनी तीन वेळा फिरवायला लावलं. तिन्ही वेळा तेच. "शाबास," म्हणाले. पण बघत होते दगडी घराकडे.

प्रदर्शनात पहिला येणाऱ्याला कर्जतच्या इंग्रजी शाळेत फुकट शिक्षण होतं आणि वसतिगृहात जागा. माझ्यासारख्याला त्याशिवाय दुसरी वाट नव्हती. आदल्या दिवशी मास्तर यंत्र आणि मी पुन्हा बांधलेली दोन्ही घरं घेऊन गेले. सकाळी म्हणाले, "अरविंद बोलेल, तू खालून फिरव. त्याचं बोलणं स्वच्छ आहे. पाटीवर नाव तुझंच आहे."

"नक्की?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

मी खाली बसलो. माल न बघता केलेला माझ्या आयुष्यातला तो एकच सौदा.

टिचक्या वाजल्या. फिरवलं. वर टाळ्या. अरविंद बोलत होता, "पाहा साहेब, पक्कं घर जसंच्या तसं उभं आहे, आणि ही झोपडी कोसळली."

माझा हात चालतच होता. दांडीसाठी टेबलाला पाडलेल्या फटीतून कारवीची एक काडी माझ्या मांडीवर पडली. तिला दोरीचं टोक होतं. तुटलेली दोरी पिंजते. ही पिंजली नव्हती. पात्याने सरळ कापली होती. आईची गाठ, मधोमध.

मी चाक सोडलं आणि चादर उचलून बाहेर आलो. पाटीवर अरविंदचं नाव होतं. दगडी घर हातात उचललं. दगड-मातीचं घर उचललं की हातात माती यायला हवी. हे अख्खं आलं. तळहाताला काहीतरी टोचलं. चारी कोपऱ्यांतून लोखंडी तार.

मी म्हटलं, "मास्तर, ह्याच्यात तार हाय. ती काढा, मग फिरवतो."

मास्तरांनी कानाखाली वाजवली. तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा कोण?"

"गडी आहे साहेब. चाक फिरवायला आणलाय."

गडी. चार वर्षं त्यांच्यासमोर बसून शिकलो होतो.

साहेब म्हणाले, "मग फिरव की रे."

"नाय फिरवनार."

मी खाली वाकलो, खुंटी काढली, माझं चाक खांद्यावर टाकलं आणि चालू पडलो. कोणी अडवलं नाही. बक्षीस अरविंदलाच मिळालं. साहेबांनी तार पाहिली होती. पाहून पुढच्या टेबलाकडे गेले.

घरी बाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर असं करनार नाय. तूच कायतरी आगाऊपना केला असशील." मरेपर्यंत त्याचं तेच. माझा बापही मास्तरांनी माझ्याकडून काढून घेतला.

माझी शाळा कायमची सुटली. खालापूरला लाकडं वाहिली, मग विकली. आज तिथे माझी बांबूची वखार आहे. मला फसवून कोणी बांबू नेत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेचं पत्र आलं. मास्तरांचा सत्कार आहे, मांडवाला बांबू द्यावेत. खाली मास्तरांचीच सही. वर लिहिलंय, "माझा लाडका विद्यार्थी". बा असता तर पत्र घेऊन वाडीभर फिरला असता.

मास्तर, आता भाव मी सांगतो. बांबू देतो, लागतील तेवढे. ते यंत्र दोन्ही घरांसकट अजून शाळेच्या काचेच्या कपाटात आहे, अरविंदच्या नावाने. चाकाशिवाय. चाक माझ्या वखारीत टांगलेलं आहे, ते घेऊन मी येतो. सत्काराच्या दिवशी पोरांसमोर ते कपाट उघडा. तुमच्या हातांनी तार काढा. कापलेल्या गाठी मी पुन्हा बांधतो. मग चाक मी फिरवीन, टेबलाच्या वर उभा राहून. काय पडतं ते पोरांना बघू द्या.

आणि हार गळ्यात पडायच्या आधी सगळ्यांसमोर सांगा, तार कोणी घातली? आणि मी तुमचा विद्यार्थी होतो, की गडी?